लेकराची खाट, आईची जागा

तंजावरला बृहदीश्वराचे देऊळ पाहून झाले, राजवाडा आणि सरस्वती महाल पाहून झाला, की महाराष्ट्रातला प्रवासी सहसा कुंभकोणम् किंवा रामेश्वरची गाडी धरतो. शहरातल्या एका जुन्या सरकारी इस्पितळाकडे त्याचे लक्ष जाण्याचे काही कारण नाही. गेलेच तर ते नावामुळे जाईल. इस्पितळाचे नाव आहे ‘राजा मिरासदार रुग्णालय’.

मिरासदार म्हटले की आपल्याकडे कुणाला गावचा जुना वतनदार आठवेल, तर कुणाला द. मा. मिरासदारांच्या कथा आठवून हसू येईल. कावेरीच्या खोऱ्यात मिरासदार म्हणजे भाताच्या खाचरांचा पिढीजात मालक. तामिळ उच्चारात तो ‘मिरासुदार’ होतो, एवढाच फरक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरचे राजघराणे आणि हे जमीनदार या दोघांच्या देणग्यांतून इस्पितळ उभे राहिले, म्हणून नावात दोघेही आले. गंमत अशी, की तेव्हा तंजावरच्या गादीवर राजाच नव्हता. व्यंकोजीराजांनी १६७५-७६च्या सुमारास स्थापन केलेली भोसल्यांची ही गादी १८५५ साली दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारले आणि कंपनी सरकारने खालसा केली. थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी खाजगी मालमत्तेसाठी थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत दाद मागितली. १८५९ साली निकाल विरुद्ध गेला, तरी पुढे १८६२ साली सरकारने मालमत्ता राण्यांना परत दिली. राज्य गेलेल्या घराण्याचे नाव गावात राहिले ते असे, इस्पितळाच्या दारावर.

आज हे इस्पितळ तंजावर वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. महाविद्यालयाचे मोठे रुग्णालय शहराबाहेरच्या अंगाला आहे, आणि गावातल्या या जुन्या आवारात मुख्यत्वे बाळंतिणी आणि लहान मुले असतात. आसपासच्या जिल्ह्यांतूनही मुले येथे येतात. कुणाला ताप मेंदूत गेलेला, कुणी सातव्या महिन्यातच जन्मलेले, कुणाला आकडी. अशा ठिकाणी जागा कधीच पुरत नाही. जागा पुरेना, की एक प्रश्न पुढे येतो. नवी इमारत बांधायची तर ती नेमकी कशासाठी?

प्रश्न सोपा वाटतो. खाटा वाढवायच्या, दुसरे काय? पण मुलांच्या इस्पितळाची आंतररुग्णांची इमारत आणि मोठ्यांच्या इस्पितळाची इमारत यांत जो फरक आहे, तो खाटेच्या लांबीचा नाही. तो तंजावरच्या मराठी राजाला दोनशे वर्षांपूर्वी कळला होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल का? पुढचे वाचून आपणच ठरवा.

छत्रातली बाळंतीण

तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्या वाटेवर मराठा राजांनी यात्रेकरूंसाठी छत्रे बांधली होती. आपल्याकडे आता ‘अन्नछत्र’ एवढाच शब्द उरला आहे. तिथले छत्र म्हणजे धर्मशाळा, भोजनगृह, पाठशाळा आणि दवाखाना असे सगळे एकत्र. बहुतेक छत्रांना राण्यांची किंवा राजस्त्रियांची नावे आहेत. ओरत्तनाडूचे मुक्तांबाळ छत्र दुसऱ्या सरफोजीराजांनी आपल्या मुक्तांबाळच्या स्मरणार्थ उभारले, ते एकोणिसाव्या शतकाच्या अगदी आरंभी.

हे सरफोजीराजे म्हणजे एक विलक्षण गृहस्थ. जन्म १७७७चा. १७९८ साली गादीवर आले आणि पुढच्याच वर्षी तहाने राज्यकारभार कंपनीच्या हाती गेला. हातात उरले ते किल्ल्याच्या आतले तंजावर, वार्षिक तनखा आणि भरपूर वेळ. दुसऱ्या कुणी हा वेळ शिकारीत आणि नाचगाण्यात घालवला असता. (गाणे सरफोजींच्या दरबारातही होते, आणि उत्तम होते.) यांनी ग्रंथ जमवले, छापखाना काढला, धन्वंतरी महाल नावाची औषधशाळा चालवली. तिथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि इंग्रजी वैद्यकाचे जाणकार एकत्र काम करीत. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी, त्यांच्या डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात आजही आहेत. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेआधी रोग्याची स्थिती काय होती आणि नंतर काय झाली, हे त्यांत लिहून ठेवलेले आहे. धन्वंतरी महालात अनुभवास आलेले उपचार पुढे ‘शरभेंद्र वैद्य’ या नावाने तामिळ पद्यांत गुंफले गेले.

पण मुलांच्या इस्पितळाच्या दृष्टीने मोलाचे आहे ते त्यांचे एक पत्र. १८०१ साली त्यांनी कंपनीचे रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना छत्रांविषयी लिहिले. छत्रांचे उत्पन्न कापू नये, एवढीच मूळ मागणी. पण कशासाठी कापू नये हे सांगताना छत्रांत काय काय चालते त्याचा सविस्तर तपशील आला आहे. आलेल्या वाटसरूला अन्न. आजारी पडला तर औषध आणि पथ्याचे जेवण, तेही बरा होईपर्यंत. अनाथ पोर आले तर त्याला पंतोजींच्या हवाली करायचे, दिवसातून तीनदा जेवू घालायचे, ठरावीक दिवसांनी तेल लावून न्हाऊ घालायचे. तान्ह्या मुलांना दूध. आणि गरोदर बाई आली व तिथेच बाळंत झाली, तर तिची शुश्रूषा छत्राच्या खर्चाने. बाळंतपणानंतर तिला तीन महिने तिथे राहण्याची मुभा.

तीन महिने! हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याचे काम आहे.

तंजावरच्या भूमीला हे नवे नव्हते म्हणा. चोळांच्या काळात राजराजाची बहीण कुंदवै हिने तंजावरात वडिलांच्या, म्हणजे सुंदर चोळाच्या नावाने आतुरशाळा चालवल्याचे शिलालेखांत आहे. अकराव्या शतकातल्या तिरुमुक्कूडलच्या शिलालेखात तर पंधरा खाटांचे इस्पितळ, त्यातला वैद्य, शस्त्रक्रिया करणारा, औषधी गोळा करणारे, परिचारिका, इतकेच नव्हे तर साठवणीच्या औषधांची यादीसुद्धा कोरलेली आहे. पण त्या पंधरा खाटांत लहान मुलांसाठी वेगळी खाट नाही. तशी ती जगात कुठेच नव्हती.

मुलांचे वेगळे इस्पितळ

आज ऐकताना नवल वाटेल, पण फक्त मुलांसाठी इस्पितळ ही कल्पना जेमतेम सव्वादोनशे वर्षांची आहे. पॅरिसला असे इस्पितळ १८०२ साली निघाले. लंडनला डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका घरात ते सुरू केले ते १८५२ साली, दहा खाटांवर. तोवर लहान मूल म्हणजे छोट्या आकाराचा मोठा माणूस, असाच समज होता. औषध तेच, मात्रा अर्धी.

आपल्याकडे मुंबईच्या परळला बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालय सुरू झाले १९२९ साली. सर नेस आणि सर कुसरो या वाडिया बंधूंनी आईच्या नावे ते उभारले. शेजारचे नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह त्याआधी तीन वर्षे सुरू झाले होते. जागा गिरण्यांच्या मधोमध निवडली, कारण गिरणगावातल्या चाळींत मुले पटापट दगावत होती. भारतातील बालरोगशास्त्राचे जनक म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, ते डॉ. जॉर्ज कोएल्हो याच इस्पितळातले. मद्रासला एग्मोरचे मुलांचे मोठे इस्पितळ आकाराला आले ते स्वातंत्र्यानंतर, डॉ. एस. टी. आचार यांच्या पुढाकाराने.

वेगळे इस्पितळ हवेच कशाला? एक कारण संसर्गाचे. गोवराच्या रोग्याने सोडलेल्या श्वासातले विषाणू तो खोलीतून निघून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतात. एका लांबलचक वॉर्डात दोन ओळींत तीस खाटा मांडल्या आणि मधल्या एका खाटेवर गोवर आला, तर जुलाबासाठी आलेले मूल गोवर घेऊन घरी जायचे. म्हणून मुलांच्या इमारतीत थोड्या खाटांच्या अनेक खोल्या लागतात, संसर्गजन्य रोग्यांना वेगळा जिना आणि वेगळी हवा लागते. जुन्या पद्धतीचे लांब वॉर्ड पाहायला ऐसपैस वाटतात, एका परिचारिकेला एका नजरेत सगळे दिसते. मुलांसाठी मात्र ते घातक आहेत.

दुसरे कारण नवजात बाळांचे. २०२०च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार देशात जन्मणाऱ्या दर हजार मुलांपैकी २८ पहिल्या वाढदिवसाआधी जातात. तामिळनाडूत हा आकडा १३, महाराष्ट्रात १६. म्हणजे दोन्ही राज्ये बरीच पुढे आहेत. पण देशातल्या त्या २८पैकी २० मुले पहिल्या २८ दिवसांतच गेलेली असतात. तेव्हा आता उरलेली लढाई आहे ती मुख्यत्वे पहिल्या महिन्याची. ती घरी लढता येत नाही, बाह्यरुग्ण विभागातल्या गोळ्यांनीही नाही. तिच्यासाठी आंतररुग्णांची इमारतच लागते.

आणि एक लहानशी गोष्ट, इमारतीला खिडक्या किती असाव्यात याविषयीची. इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या इस्पितळात १९५०च्या दशकात सिस्टर वॉर्ड नावाच्या एक परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या बाळांना उन्हात अंगणात नेत. डॉक्टरांना ते फारसे पसंत नव्हते. एकदा त्यांनी एक कावीळ झालेले बाळ डॉक्टरांना दाखवले. बाळाचे सगळे अंग उजळले होते, फक्त चादरीच्या टोकाखाली झाकली गेलेली जागा पिवळीधमक राहिली होती. कावीळ झालेल्या बाळांना निळ्या दिव्यांखाली ठेवतात ते या निरीक्षणावरून. आपल्या आज्या बाळाला कोवळ्या उन्हात न्यायच्या, ते आठवले ना? मात्र बाळ पिवळे दिसले तर उन्हाच्या भरवशावर राहू नये, डॉक्टरांना दाखवावे. उन्हाने मात्रा मोजता येत नाही, दिव्याने येते.

आईला दाराबाहेर काढणारी शिस्त

मुलांची इस्पितळे निघाली, वॉर्ड चकाचक झाले, आणि एक विचित्र प्रकार झाला. आईला बाहेर काढण्यात आले. युरोपात आणि अमेरिकेत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इस्पितळात ठेवलेल्या मुलाला आईबाप आठवड्यातून एकदोनदा, ठरल्या वेळी, तास-दोन तास भेटत. कारण काय, तर ते जंतू आणतात, आणि ते गेले की मूल रडते. मूल आठ दिवसांनी रडायचे थांबे. परिचारिकांना वाटे, रुळले.

ते रुळलेले नसते, हताश झालेले असते, हे १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी एका दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट काढून दाखवले, तेव्हा डॉक्टर मंडळी खवळली. न्यूकॅसलला डॉ. जेम्स स्पेन्स यांनी त्याच्या पाव शतक आधीच आईला मुलाबरोबर दाखल करून घ्यायला सुरुवात केली होती. ब्रिटनमध्ये सरकारी समितीने, प्लॅट समितीने, आईबापांना मोकळेपणाने भेटू द्यावे आणि शक्य तेथे आईला राहू द्यावे, अशी शिफारस केली ती १९५९ साली.

आपल्याकडे असा नियम कधी पुरता लागू झालाच नाही, आणि ते आपले नशीब. आपल्या कुठल्याही सरकारी इस्पितळाच्या बालविभागात जा. मुलाच्या खाटेवर पायथ्याशी आई, खाली चटईवर आजी, पलंगाच्या गजाला अडकवलेली पिशवी, थर्मास, स्टीलचा डबा. तामिळ मुलखात पाटी, म्हणजे आजी, रात्रभर जागी असते. जिथे जमेल तिथे लुगड्याची झोळीही बांधली जाते. याला आपण गर्दी म्हणतो. इमारतीचा नकाशा काढणाराही गर्दीच म्हणतो, आणि तिच्यासाठी एक चौरस फूटही ठेवत नाही. आई आहेच, पण तिची जागा नाही.

फक्त एका ठिकाणी आपणही आईला कसोशीने बाहेर ठेवले, ते म्हणजे नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षात. काच, पलीकडे बाळ, अलीकडे आई. दूध काढून वाटीत द्यायचे आणि बाकावर बसून राहायचे.

हे आता बदलायला हवे, असे म्हणायला भक्कम पुरावा आहे. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एदगार रेय यांनी पेट्या अपुऱ्या पडतात म्हणून कमी वजनाची बाळे आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारूसारखी, म्हणून ‘कांगारू मातृसेवा’. बरीच वर्षे नियम असा होता, की बाळ आधी काचेच्या पेटीत स्थिर होऊ द्यावे आणि मग आईकडे द्यावे. २०२१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून पाच इस्पितळे त्यात होती. भारतातले इस्पितळ दिल्लीचे सफदरजंग. एक किलो ते एक किलो ८०० ग्रॅमच्या आतली तीन हजारांवर बाळे. काहींना पूर्वीच्या रीतीने ठेवले, काहींना जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी, दिवसाचे सरासरी सतरा तास. पहिल्या गटात २८ दिवसांत शंभरातली १५.७ बाळे गेली, दुसऱ्यात १२. म्हणजे हजारामागे ३७ बाळे जास्त वाचली. हा फरक इतका स्पष्ट होता, की पाहणी ठरल्या वेळेआधीच थांबवण्यात आली. कुठलेही नवे औषध नाही, महाग यंत्र नाही. आई हवी.

पण सतरा तास बाळाला छातीशी धरून बसायचे, तर ते बाकावर बसून कसे जमणार? ती स्वतः कालच बाळंत झालेली असते, कदाचित सिझेरियन झालेले असते. तिला टेकून बसता येईल अशी खाट हवी, बाळाच्या खाटेला लागून. तिचे टाके पाहायला परिचारिका तिथेच यायला हवी. मोरी आणि संडास पावलांवर हवा. म्हणजेच नवजात कक्षाचा नकाशाच बदलायला हवा. सरकारी नियमावलीत नवजात कक्षाला दर खाटेमागे साधारण शंभर चौरस फूट जागा धरली आहे, निम्मी बाळाच्या शुश्रूषेला आणि निम्मी इतर कामांना. आईची खाट त्यात मांडून पाहा, म्हणजे लक्षात येईल. जुन्या इमारतीत ती कोंबून बसवता येत नाही. नव्या इमारतीचे खरे समर्थन कुठले असेल, तर माझ्या मते हे.

वीज, धूर आणि दार

तंजावर जिल्ह्यात मुलांच्या इमारतीविषयी बोलताना १६ जुलै २००४ हा दिवस टाळून पुढे जाता येत नाही. कुंभकोणम्‌च्या एका शाळेत मध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातली आग शाकारलेल्या छपराला लागली आणि ९४ मुले गेली. वाचलेल्या, भाजलेल्या मुलांपैकी काहींना तंजावरला आणण्यात आले. त्या दिवसानंतर त्या भागातल्या माणसाला दार आणि जिना यांचे महत्त्व समजावून सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रानेही हे भोगले. ९ जानेवारी २०२१च्या मध्यरात्रीनंतर भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. सात वाचवता आली. नोव्हेंबर २०२४मध्ये झाशीला पुन्हा तेच. तंजावरच्या राजा मिरासदार रुग्णालयातही मे २०२२मध्ये प्रसूती विभागात आग लागली होती. धूर कोंडला, पण बाळे आणि बाळंतिणी सुखरूप बाहेर काढण्यात आल्या.

असे वारंवार का होते? नवजात कक्षात प्रत्येक पाळण्यापाशी विजेच्या सहा-आठ जोडण्या लागतात. ऊब देणारे यंत्र, निळा दिवा, प्राणवायूचे मोजमाप, सलाइनचा पंप. सगळे रात्रंदिवस चालू. हवेत प्राणवायूचे प्रमाण जास्त, दारे-खिडक्या बंद. जुन्या इमारतीतली तारांची वीण पंख्या-दिव्यांच्या हिशेबाने घातलेली असते. तिच्यावर हे ओझे टाकले, की कुठेतरी ठिणगी पडणारच. आणि ज्याला चालता येत नाही अशाच माणसांनी तो कक्ष भरलेला असतो.

म्हणून नवी इमारत पाहायला गेलात, तर दर्शनी भागातल्या संगमरवराकडे पाहू नका. नवजात कक्ष कितव्या मजल्यावर आहे, त्याला दुसरे दार आहे का, आणि ते दार कुलूप लावून पुढे कपाट ठेवलेले तर नाही ना, हे पाहा. उतरण आहे की नुसता जिना? एक परिचारिका एका वेळी किती बाळे उचलू शकेल? दोन. आई शेजारीच असेल, तर तिचे बाळ तिच्याजवळच असते, हाही आई आत असण्याचा एक फायदा.

कावेरीच्या मुखाकडचा हा मुलूख ईशान्य मोसमी पावसाचा आणि वादळांचा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ वादळ आले, नारळाची झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले, आणि पट्टुकोट्टै-ओरत्तनाडूकडची कितीतरी गावे अनेक दिवस अंधारात राहिली. अशा वेळी इस्पितळातला जनरेटर तळघरात असेल, तर आधी तोच पाण्याखाली जातो.

बांधणारे हात आणि चालवणारे हात

राजे गेले, मिरासदारही पूर्वीचे राहिले नाहीत. आता इमारती सरकार बांधते. गेल्या काही वर्षांत राष्ट्रीय आरोग्य अभियानातून देशभर जिल्हा रुग्णालयांच्या आवारात माता-बालकांसाठी तीस, पन्नास, शंभर खाटांचे वेगळे विभाग मंजूर झाले. भूमिपूजन होते, कोनशिला बसते, फोटो येतात. अवघड भाग तिथून सुरू होतो.

साधे गणित करू. बारा खाटांचा नवजात कक्ष. दर तीन-चार बाळांमागे एक परिचारिका हवी, असा नियम. म्हणजे प्रत्येक पाळीला निदान तीन. तीन पाळ्यांच्या नऊ. साप्ताहिक सुट्टी, आजारपण, रजा धरली की अकरा-बारा. एका बारा खाटांच्या खोलीसाठी! शंभर खाटांची इमारत एकदाच बांधावी लागते, या बारा जणींचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. कोनशिलेवर कोरता न येणारा खर्च तोच.

वाडिया रुग्णालयाची कथा या बाबतीत बोलकी आहे. दानशूर घराण्याने इमारती दिल्या, महापालिका आणि राज्य सरकार यांनी खर्चाचा वाटा उचलायचा असे ठरले. नव्वद वर्षांनी, जानेवारी २०२०मध्ये, अनुदान थकल्याच्या वादातून नवे रोगी घेणे थांबवण्याची पाळी आली. परळच्या रस्त्यावर कर्मचारी उतरले, रोगी मुलांचे आईबाप हवालदिल झाले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. पुतळ्यांना पैसा आहे आणि इस्पितळाला नाही का, अशा शब्दांत न्यायालयाने कानउघाडणी केली. मग पैसे सुटले. कुणाचा हिशेब बरोबर होता हा वाद बाजूला ठेवू. जळगाव-नांदेडहून कर्करोगाचे मूल घेऊन आलेल्या बापाला त्या आठवड्यात हिशेबाशी काय देणेघेणे?

वाडिया सुरू झाले त्याच १९२९ साली लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट इस्पितळाला एक वेगळेच दान मिळाले. लेखक जे. एम. बॅरी यांनी आपल्या ‘पीटर पॅन’चे सगळे हक्क इस्पितळाला देऊन टाकले. नाटक लागले, पुस्तक खपले, की पैसे इस्पितळाकडे. वर्षानुवर्षे. बॅरींनी इमारत दिली नाही, वाहता झरा दिला. सरफोजींनी छत्रांसाठी टॉरिनकडे मागितले ते हेच होते: छत्रांना तोडून दिलेल्या जमिनींचे उत्पन्न तसेच वाहते राहू द्या.

तंजावरपुरते बोलायचे, तर दोन गोष्टी बऱ्या घडल्या आहेत. तिरुवारूर, पुदुक्कोट्टै, आणि २०२२पासून नागपट्टणम् व अरियलूर येथेही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये झाली. त्यामुळे प्रत्येक मुलाला तंजावरलाच धाडावे लागू नये. आणि दुसरी, बाळंतिणींचे व मुलांचे इस्पितळ गावाच्या मध्यात राहिले आहे. विस्तार करायचा म्हटले, की कुणीतरी हमखास सुचवते, सगळे बाहेरच्या मोकळ्या आवारात न्या, तिथे जागा आहे. जागा आहे हे खरे. पण रात्री शेवटच्या बसने उतरलेल्या, कडेवर तापलेले पोर घेतलेल्या बाईला त्या मोकळ्या आवारापर्यंत रिक्षा करावी लागते. जुन्या आवारात बांधकाम अवघड, खर्च जास्त, बांधकाम चालू असताना धुळीचा त्रास वेगळा. तरीही माझे मत जुन्या आवाराच्या बाजूने पडेल.

राहता राहिली ती तीन महिन्यांची गोष्ट. २०११ साली सुरू झालेल्या केंद्राच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी इस्पितळातले बाळंतपण मोफत आहे, आजारी नवजात बाळाचे उपचारही मोफत आहेत. बाळंतिणीला जेवण मिळते ते साध्या बाळंतपणानंतर तीन दिवस आणि सिझेरियननंतर सात दिवस. मग तिच्या नावाचा कागद बंद होतो. पण सव्वा किलोचे तिचे बाळ पाच-पाच, सहा-सहा आठवडे आत असते. त्या दिवसांत ती कागदोपत्री रोगी नसते आणि बघायला आलेली पाहुणीही नसते. तामिळनाडूत २०१३पासून सुरू झालेली ‘अम्मा उणवगम्’ ही स्वस्त खानावळ काही सरकारी इस्पितळांच्या आवारांतही निघाली. सुरुवातीला तिथे रुपयाला इडली आणि पाच रुपयांना सांबारभात मिळे. म्हणजे जेवणाचे एकवेळ भागते. पाठ टेकायला मात्र नवजात कक्षाबाहेरचा तोच बाक.